झाकल्या पाटातले पांढरे तंतू

एकदा एक वैद्य आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे औषध मागायला निघाला. वैद्यानेच औषध मागत फिरावे याची त्याला लाज वाटत होती, म्हणून घाटात भेटलेल्या ओळखीच्या माणसांना त्याने ‘सहज चाललोय’ असे सांगितले. सहज तो चालला नव्हता. घरी त्याची बायको दिवसेंदिवस झिजत चालली होती, आणि त्याच्या पोतडीतली एकही मात्रा तिला लागू पडत नव्हती. ती आता जगणार नाही, हे त्याला नाडीवरून कळून चुकले होते.

अशा दृष्टांतांत माणसांना नावे नसतात. वैद्य तो वैद्य आणि गुरू तो गुरू. नाव सांगितले की आपण ती गोष्ट शेजाऱ्याची समजून मोकळे होतो, हा आपला स्वभावच आहे. परंतु या गोष्टीत एक नाव सांगणे भाग आहे. ते नाव वेणू. वेणू ही त्या वैद्याची एकुलती एक मुलगी, पाचव्या वर्षात असलेली, मोठी हट्टी आणि बोलघेवडी. बायकोचे वडील आजारी पडले म्हणून ती माहेरी गेली, तेव्हा वेणूला खोकला होता आणि वाट दूरची होती. तिला बापापाशी ठेवले. बाप स्वतः वैद्य, मग काळजी कसली, असे सगळेच म्हणाले.

पोरीला ताप चढला. बापाने जे जे येत होते ते सगळे केले. माहेरी निरोप गेला आणि बायको उलट पावली निघाली, पण ती पोहोचली तेव्हा ओढ्याकाठची माती सारखी करून झाली होती. तिला मुलीचे तोंडही पाहायला मिळाले नाही. तिने नवऱ्याला एकच विचारले, “जाताना काय म्हणाली हो?”

“काही नाही,” तो म्हणाला. “झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही तिला.”

हा वैद्य एका गोष्टीसाठी पंचक्रोशीत नावाजलेला होता. विषारी द्रव्यांच्या शोधनात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. बचनागासारखे जहर गोमूत्रात मुरवून, उन्हात ठेवून, पुन्हा मुरवून त्याची धार तो अशी उतरवी की तेच पुढे तापावर उतारा म्हणून देता येई. दोष हुडकावा आणि दूर करावा, ही त्याची विद्या होती आणि हळूहळू तीच त्याची दृष्टी झाली होती. बायकोच्या दुःखाकडेही त्याने त्याच दृष्टीने पाहिले. घरात विष साचले आहे, ते काढले पाहिजे, असे त्याने ठरवले.

त्याने वेणूचे कपडे गावाबाहेरच्या पालांवर देऊन टाकले. तिची लाकडी बाहुली, तिचा बसायचा पाट, तिची वाटी घरातून नाहीशी केली. तिने कोळशाने रेघोट्या मारलेली भिंत चुन्याने पांढरी करून घेतली. शेजारणींना बजावले की पोरीचे नाव या उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही. माजघरात काळोख होता, तिथे त्याने नवा झरोका पाडला. रोज सकाळी तो बायकोचा हात धरून तिला अंगणात कोवळ्या उन्हात नेऊन बसवी. ती बसवली तिथे बसे. सुरुवातीला ती तोच प्रश्न पुन्हा विचारी, “काहीच कशी म्हणाली नाही हो ती?” आणि तो म्हणे, “अगं, झालं गेलं ते. आता पुढचं बघ.” मग तिने विचारणे सोडले. त्याला वाटले, उतार पडतो आहे. त्यानंतर तिने जेवणही सोडले.

समजूत घालायला येणाऱ्यांची तर रीघ लागली होती. देवाला आवडली म्हणून नेली, असे एक सांगे. वय आहे, दुसरे होईल, असे दुसरी सांगे. रात्रीमागून दिवस येतोच, असे सांगून तिसरा चहा पिऊन जाई. ज्याच्या घरी असे घडले आहे त्यालाच कळते की ही माणसे वाईट नसतात आणि तरी त्यांचे तोंड पाहवत नाही. बायको सगळ्यांना मान डोलावून उत्तर देई. तिच्या हाताची कांकणे सैल होऊन कोपरापर्यंत घसरत होती.

तेव्हा वैद्याने आपल्या बहिणीला घरी आणून बसवले आणि तो गुरूकडे निघाला.

गुरू राहत होता घाटाखाली, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी. ते पाणी गंधकाचे. खरूज, संधिवात असल्या व्याधींची माणसे तिथे स्नानाला येत, आणि पहिल्यांदा येणारा नाक दाबूनच येई, कारण सडक्या अंड्यासारखा वास दूरवर पसरलेला असे. झऱ्यापासून स्नानाच्या कुंडापर्यंत पाणी आणायला दोन पाट होते. दोन्ही वरून दगडी फरश्यांनी पूर्ण झाकलेले. आत ऊन कधी शिरत नसे. माघातल्या जत्रेआधी गावकरी फरश्या उचलून पाट खरवडून स्वच्छ करीत. आत पांढरे, बुळबुळीत, दोऱ्यांसारखे काहीतरी माजलेले असे, ते टोपल्यांनी बाहेर फेकीत. परंतु डावीकडच्या पाटाला म्हातारा हात लावू देत नसे. गावकरी त्याच्या माघारी कुरकुरत, ‘एवढा शहाणा वैद्य, पण घाणीवर जीव.’

शिष्याने सगळे सांगितले. म्हाताऱ्याने ना नाडीची गती विचारली, ना जिभेचा रंग. ऐकून झाल्यावर तो उठला, काठी टेकत डाव्या पाटाशी गेला आणि त्याने शिष्याला एक फरशी उचलायला लावली. आत वाकून त्याने ते पांढरे तंतू मूठभर काढले, एका मातीच्या वाडग्यात ठेवले आणि वाडगा शिष्याच्या हातात दिला.

“हे जिवंत आहे,” तो म्हणाला. “पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत जिवंत ठेव. मग औषधाचं बोलू.”

शिष्य मनात म्हणाला, घरी बायको अन्नावाचून पडली आहे आणि हा माणूस मला मोरीतली घाण सांभाळायला देतो! त्याला वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी गेली. वाडगा तिथेच आपटावा असेही मनात आले. पण दुसरे दारही नव्हते. सगळी दारे बंद झाली की माणूस वेड्याचेही ऐकतो. तो वाडगा घेऊन ओसरीवर गेला.

आणि एकदा हाती घेतल्यावर त्याने कसूर केली नाही. विहिरीचे गोडे पाणी आणून त्याने ते तंतू हलक्या हाताने धुतले. वास पार जाईपर्यंत पाणी बदलले. गरमीने कोमेजू नयेत म्हणून पाणी गार ठेवले. जे जे जिवंत आहे त्याला ऊन लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. म्हणून वाडगा त्याने सकाळी पूर्वेच्या कट्ट्यावर ठेवला, आणि ऊन सरकले तसा तो वाडगाही सरकवत राहिला. आधी तंतू होते तसेच दिसले. मग त्यांचा दुधी पांढरेपणा उतरू लागला. ते राखाडी झाले, मग काचेसारखे पारदर्शक, आणि बोट लावताच विरघळू लागले. त्याने आणखी ऊन दिले, आणखी स्वच्छ पाणी दिले. बाजाराचा दिवस उजाडायच्या आतच वाडग्यात नुसते गढूळ पाणी उरले होते.

ते पाणी पाहून त्याला रडू कोसळले. मोरीतल्या बुळबुळीत दोऱ्यांसाठी आपण का रडतो आहोत, हे त्याला कळेना. पोर गेली तेव्हा तो रडला नव्हता. बायकोसमोर खंबीर राहायचे म्हणून नाही रडला, आणि नंतर ते राहूनच गेले. म्हातारा शेजारी येऊन बसला आणि त्याने त्याला रडू दिले.

मग म्हातारा त्याला पुन्हा पाटाशी घेऊन गेला. बोटातली चांदीची अंगठी काढून त्याने ती झऱ्याच्या मुखाशी पाण्यात धरली. थोड्या वेळाने बाहेर काढली तर काळी पडली होती. राखेने घासून ती पुन्हा लख्ख केली आणि डाव्या पाटाच्या शेवटी, जिथे पाणी तंतूंमधून वाहत येई, तिथे धरली. कितीतरी वेळ धरली तरी ती जेमतेम मळकट झाली. मग उजव्या, खरवडलेल्या पाटाच्या शेवटी धरली. पुन्हा काळी.

“पाणी एकच,” म्हातारा म्हणाला. “मग डाव्या पाटात चांदी काळी करणारं ते गेलं कुठं?”

शिष्याला उत्तर दिसत होते, पण पटत नव्हते.

“यांनी खाल्लं,” म्हातारा म्हणाला. “पानं ऊन खाऊन वाढतात. यांना ऊन ठाऊक नाही. यांच्या वाट्याला काळोख आला आणि हे जहर आलं. त्या जहरातूनच हे बळ काढतात आणि त्या बळावर आपलं अंग घडवतात. तू त्यांना धुतलंस, गोडं पाणी दिलंस, ऊन दिलंस. त्यात त्यांना खायला काय होतं? त्यांच्या अंगात थोडी साठवण होती, तो पांढरा रंग म्हणजे तीच. ती होती तोवर तगले. तुला वाटलं असेल, बरे आहेत.”

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की म्हाताऱ्याचे हे बोलणे काही कविकल्पना नव्हे. हल्लीच्या शास्त्रात यालाच रसायनसंश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सरळ आहे. हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करतात, तसे काही सूक्ष्म जीव गंधकयुक्त वायूसारख्या द्रव्यांचे प्राणवायूशी संयोग घडवून, त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर अन्न तयार करतात. खोल समुद्राच्या तळाशी, जिथे उन्हाचा कवडसाही पोहोचत नाही, तिथे उकळत्या विवरांच्या कडेला अशाच जीवांच्या आधारावर अख्ख्या वसाहती जगतात. त्यांना कोणी जाऊन सांगत नाही की धीर धरा, उद्या उजाडेल. तिथे उजाडतच नाही. म्हाताऱ्याला समुद्राचे काही माहीत नव्हते. त्याच्यापाशी एक पाट होता आणि एक अंगठी होती.

शिष्याचा मात्र आता तोल गेला. “गुरुजी, माझी बायको म्हणजे शेवाळ आहे का? दुःख खाऊन माणूस जगतो होय? ते विष आहे! त्यानंच ती मरतेय!”

“विषच आहे,” म्हातारा म्हणाला. “मी कुठं अमृत म्हटलं? पण तू तर शोधनात नाव कमावलेला. मला सांग, बचनागाचं शोधन करतोस तेव्हा बचनाग फेकून देतोस का?”

“नाही,” शिष्य म्हणाला.

“घरातून पोरीचा कण न् कण काढलास. नावसुद्धा काढलंस. उरलेलं घर म्हणजे हा वाडगा. स्वच्छ, उजेडी आणि त्यात खायला काही नाही. ती आत्तापर्यंत अंगातल्या साठवणीवर तगली. ती साठवणही आता संपत आलीय, म्हणून तू इथं आलास.”

कुंडावर कोणीतरी मोठ्याने स्तोत्र म्हणत अंगावर पाणी घेत होते. शेवटी शिष्याने विचारले, “म्हणजे काळोखात, त्या दुःखात तिला एकटी सोडून देऊ?”

“नाही. आणखी एक बघ.” म्हाताऱ्याने फरशीखाली काठी घातली. “अगदी मुखाशी, जिथं नुसतं जहरच उसळतंय, तिथं एकही तंतू धरत नाही. कुंडात वास उडून गेलेला असतो, तिथंही नाही. खालून येणारं कडू पाणी आणि फटींतून शिरणारी थोडी हवा जिथं भेटतात, तेवढ्याच पट्टीत हे जगतात. हवा जहर घालवत नाही. ती नुसती जवळ असते. तेवढी हवा तुला होता आलं तर बघ. तिला उन्हात ओढू नकोस. तू आत जाऊन बस. आणि तिनं जे मागितलं होतं ते दे.”

“तिनं काही मागितलं नाही.”

“मागितलं होतं. आलास त्या दिवशी तूच मला सांगितलंस.”

शिष्याचा चेहरा पडला. “ते नाही देता येणार, गुरुजी,” तो म्हणाला. “ते ऐकून ती मरेल.”

“मरेलही,” म्हातारा म्हणाला. “मी तुला खात्री देत नाही. माझ्यापाशी ती नाही.”

“आणि जगली तर? पुन्हा पहिल्यासारखी होईल?”

“नाही होणार. हे तंतू कधी हिरवे होत नाहीत रे.”

एवढे बोलून म्हाताऱ्याने फरशी पुन्हा नीट बसवायला सांगितली. शिष्याला वाटले होते की निघताना तरी तो एखादी पुडी हातावर ठेवील. त्याने ठेवली नाही.

घाट चढताना वैद्याच्या मनात आशा नव्हती. असती तर गोष्ट सोपी झाली असती, सांगायलाही आणि ऐकायलाही. त्याच्या मनात भीती होती. वेणू झोपेत गेली हे त्याने इतक्यांदा सांगितले होते की त्याचा त्यालाच अधूनमधून विश्वास बसू लागला होता. ती बायकोची समजूत होती तशी त्याचीही झाली होती. आता ती मोडायची म्हणजे ती वेळ पुन्हा पाहायची. बचनाग हाताळताना तो हाताला फडके गुंडाळून घेत असे, येथे गुंडाळायला काही नव्हते.

घरी पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. बहीण दारातच भेटली. “दादा, पेजेचा घोटसुद्धा घेत नाही रे ती,” असे म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. वैद्य आत गेला. त्याने पाडलेल्या नव्या झरोक्यातून उजेडाचा पट्टा थेट बायकोच्या तोंडावर पडला होता आणि तिने डोळे मिटून घेतले होते. तिला कुशीवर वळण्याचेही त्राण नव्हते, की त्रास होतो म्हणण्याचे. इतके दिवस हे आपल्याला दिसले कसे नाही, याची त्याला शरम वाटली. त्याने आपले उपरणे त्या झरोक्यात कोंबले. खोलीत काळोख झाला. मग तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

“अगं,” तो म्हणाला, “वेणू झोपेत नाही गेली.”

कितीतरी दिवसांनी त्या घरात ते नाव उच्चारले गेले होते. बायकोने डोळे उघडले.

“शुद्धीत होती. शेवटपर्यंत. तुलाच हाका मारत होती. तू गावाला गेलीयस, हे तिच्या ध्यानातून गेलं होतं. तिला वाटत होतं की तुम्ही दोघी लपंडाव खेळताय. तू दाराआड लपलीयस आणि तिला सापडत नाहीयेस. मला म्हणाली, बाबा, तुम्ही सांगू नका हां, मीच शोधणार. उठायला बघत होती. उठवेना. मग चिडली. मग रडायला लागली.” त्याचा आवाज फुटला. त्याने तो सावरला नाही. “शेवटी म्हणाली, आई, ये ना गं बाहेर. मी हरले.”

बायकोच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बहीण धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तो बराच वेळ चालला. मध्येच तिने वैद्याच्या छातीवर, खांद्यावर, तोंडावर मुठी मारल्या. त्या मुठींत जोर मुळीच नव्हता, पण तिला मारायचे होते एवढे खरे. “इतके दिवस!” ती म्हणत होती. “इतके दिवस माझ्यापासून चोरलंत!” त्याने हात आडवा घातला नाही. तिला शांत हो असे म्हणाला नाही. आता पुढचं बघ असेही म्हणाला नाही. तो नुसता तिथे होता, आणि पोर गेली तेव्हा जे रडायचे राहून गेले होते ते तिच्यासमोर रडत होता. खोलीतले दुःख तिळभरही कमी झाले नाही. उलट ते आता दोघांचे मिळून दुप्पट झाले होते, आणि खरे होते.

मग ती थकली. बहिणीने पेजेची वाटी पुढे केली, ती तिने पाहिली नाही. काळोखात नवऱ्याकडे तोंड करून ती म्हणाली, “कुठल्या दाराकडे बघत होती?”

वैद्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केले.

ती हात टेकून उठली. बहीण आधार द्यायला पुढे झाली, तेव्हा वैद्याने मानेनेच तिला नको म्हटले. भिंत धरत, दोनदा खाली बसत ती त्या दारापर्यंत गेली, आणि त्याच्या आड जाऊन उभी राहिली. माजघरातून ती दिसत नव्हती. आजारपणात जिथे पोरीचे अंथरूण होते तिथे वैद्य एकटाच बसला होता.

“अहो,” दाराआडून तिचा आवाज आला, “पुन्हा सांगा. सगळं सांगा. काही गाळू नका.”

त्याने पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.